लोणी काळभोर ते तांबट आळी

राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटासमोर कुणी मुलगी फरशीवर मांडी घालून वहीत काही काढत बसलेली दिसली, तर ती बहुधा डिझाइनची विद्यार्थिनी असते. इतर लोक त्या कपाटापुढे थांबतात, पोपटाच्या किंवा घोड्याच्या आकाराचे अडकित्ते एकमेकांना दाखवतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात. हिचा तिथे तास-दीड तास सहज जातो. पोपट तिनं केव्हाच काढून झालेला असतो. दोन दांडे ज्या खिळीवर फिरतात ती खीळ पात्यापासून किती लांब आहे, सुपारी ठेवायची जागा खिळीला किती जवळ आहे, मूठ आवळली की करंगळी कुठे येईल, हे ती कागदावर आणायच्या खटपटीत असते. सुपारीसारखी कठीण वस्तू म्हाताऱ्या हातांनाही कातरता यावी, एवढ्यासाठी लोहारानं दांडे लांब ठेवलेत आणि जबडा आखूड. पोपटाची शेपटी लांबलचक आहे, कारण तोच दांडा आहे. हे एकदा ध्यानात आलं की शोभा आणि उपयोग वेगवेगळे मोजायची सवय सुटते. ती एकदा सुटली, की डिझाइनच्या शिक्षणाचा पहिला मोठा टप्पा ओलांडला असं मी मानतो.

पुण्यात डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या कॉलेजांपासून सुरुवात करावी असं वाटत होतं. पण त्यांच्या वह्या पाहत गेलो आणि कॉलेजांपेक्षा पेठाच जास्त दिसू लागल्या.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) डिझाइनर नव्हते. ते ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि तो आयुष्यभर पुरला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत. शस्त्रं आणि मूर्ती जमवणारे पुष्कळ होते. केळकरांनी त्याबरोबर विळ्या, दिवे, फण्या, करंडे, दौती, चुना-तंबाखूच्या डब्या आणि पाय घासायच्या वज्र्यासुद्धा जमवल्या. वज्री हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि संग्रहालयात ती हातात मिळत नाही. पण काचेतूनही बरंच दिसतं. खालचा भाग खरखरीत, वर पकडायला पक्षी किंवा प्राणी, आणि काहींच्या पोकळ पोटात बारीक गोळ्या. टाच घासताना आवाज होतो. न्हाणीघरातल्या एवढ्याशा कामातही कानाला काही गोड लागावं, असा विचार कुण्या कारागिरानं केला आणि कुणीतरी त्याचे पैसे मोजले. ज्या समाजात हे घडतं, त्याच्याकडे डिझाइनची जाण नव्हती असं कोण म्हणेल?

संग्रहातल्या वस्तूंपैकी थोड्याच मांडलेल्या असतात, बाकीच्या जागेअभावी आत राहतात. मांडलेल्यांच्या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी धातू, शतक आणि प्रांत एवढंच सापडतं. विद्यार्थ्याला हवं असतं ते वेगळं: ही वस्तू घरात कुठे असायची, उजव्या हातानं धरायची की डाव्या, झिजली की कोण दुरुस्त करायचं. ही माहिती घराघरांतल्या सत्तरी-ऐंशीतल्या बायकांकडे अजून आहे. ती पाटीवर यायला फार वर्षं उरलेली नाहीत.

आता कॉलेजांकडे वळू. देशात डिझाइनच्या शिक्षणाची सुरुवात १९६१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेपासून (एनआयडी) धरतात. मुंबईत आयआयटीचं डिझाइन केंद्र, आयडीसी, १९६९चं. पुण्यात हा अभ्यासक्रम पदवीच्या रूपात मोठ्या प्रमाणावर आला तो एकविसाव्या शतकात: सिम्बायोसिसची डिझाइन संस्था २००४ मध्ये विमाननगरला, एमआयटीची २००६ मध्ये लोणी काळभोरला. नंतर आणखी बऱ्याच निघाल्या. मोठी जागा, कार्यशाळा, यंत्रं, वसतिगृह हे सगळं पेठांत मावणार नव्हतं, म्हणून या संस्था शहराच्या कडेला गेल्या. त्यात कुणाची चूक नाही. पण परिणाम असा झाला, की जे बघून शिकायचं ते मंडई-कसब्यात आणि शिकणारे दहा ते वीस किलोमीटर लांब. पुण्यातल्या डिझाइनच्या विद्यार्थ्याची खरी अडचण हे अंतर आहे, असं माझं मत झालं आहे. प्रतिभा, यंत्रं आणि पुस्तकं यांची वाण त्या मानानं कमी आहे.

विद्यार्थ्याचा दिवस पाहिला की हे लगेच पटतं. मुलं सोलापूर-जळगावहून येतात तशी सुरत, लखनौ, कोलकात्याहूनही येतात. खासगी कॉलेजांची फी वर्षाला काही लाखांच्या घरात, त्यामुळे पुष्कळांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज. तिघा-चौघांत एक फ्लॅट, दोन वेळचा डबा, दुचाकी असली तर एकाची आणि पेट्रोल सगळ्यांचं. गावाकडे आजी अजून विचारते, की डिझाइन म्हणजे कपडे शिवायचे का. सबमिशनच्या आठवड्यात रात्र आणि दिवस एकच होतात. माउंटबोर्ड कापताना कटर बोटावरून जातो, सनबोर्डाचे तुकडे अंथरुणात सापडतात, आणि ज्युरीच्या, म्हणजे परीक्षणाच्या, सकाळी प्रिंटच्या दुकानात रांग लागते. अशा धबडग्यात पेठेत जायला अख्खा दिवस काढायचा म्हणजे चैनच. मग प्रेरणा शोधायची कुठे? फोनवर. पिंटरेस्ट उघडायचं, चाळीस चित्रं उचलायची, मूडबोर्ड तयार. त्या चित्रांत ओस्लोमधली खुर्ची असते, क्योतोमधली किटली असते, आणि ती कुणी, कुणासाठी, किती वेळा दुरुस्त करत वापरली याचा पत्ता नसतो. चांगले शिक्षक हे ओळखतात आणि विद्यार्थ्यांना बाहेर पिटाळतात. मला तेच शिक्षक आवडतात.

सामानासाठी तरी शहरात यावंच लागतं, ही त्यातली जमेची बाजू. कागद, रंग, निबं यांसाठी अप्पा बळवंत चौक. स्क्रू, तारा, बिजागऱ्या, मणी, बटणं, डब्या यांसाठी रविवार पेठ आणि बोहरी आळी. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी बंद पडलेली घड्याळं, पंखे, कॅमेरे, शिवणयंत्रांचे भाग मिळतात, ते खोलीवर नेऊन उघडायचे. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४०ची, गांधीजींच्या प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी उभी केलेली. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो. त्या कागदावर शाई पसरते कशी आणि थांबते कुठे हे एकदा पाहिलं, की कागद म्हणजे नुसता पांढरा चौकोन राहत नाही.

पण सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे ते तांबट आळीत.

कसबा पेठेतली ही आळी आवाजानं सापडते. पेशवाईत वसलेले हे कारागीर. एकेकाळी पुण्याच्या प्रत्येक घरातला हंडा, घागर, तपेलं आणि बंब इथून जायचा. काम करणारा कारागीर खाली बसतो, समोर लोखंडी ऐरणीचा दांडा, त्यावर भांडं उपडं. उजव्या हातात हातोडी. पाहणाऱ्याची नजर तिच्यावरच खिळते. पण बघायचा असतो डावा हात. तो भांडं फिरवत असतो, प्रत्येक ठोक्यानंतर केसभर. ठोका जागच्या जागीच पडतो. सरकतं ते भांडं. म्हणून ठोक्यांची रांग सरळ येते, एका खुणेची कड दुसरीला चिकटून. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो, जास्त ठोकला की चिरतो. त्यामुळे मधूनमधून भट्टीत तापवून त्याला मऊ करायचं, चढलेला काळेपणा काढायचा, पुन्हा ठोकायचं. आकार आला की शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं सगळ्या अंगावर ठोक्यांच्या रांगा उठवायच्या. हे मठारकाम. त्यानं भांडं चमकतं आणि तेवढ्याच पत्र्यात जास्त भक्कमही होतं. लोक त्याला नक्षी समजतात. पातळ पत्र्याला ताकद देणारी ही पायरी आहे, आणि ती दिसायला देखणी आहे. केळकर संग्रहालयातल्या पोपटाच्या शेपटीचंच हे सख्खं भावंड.

बंब तर डिझाइनच्या वर्गात टेबलावर ठेवून महिनाभर शिकवावा. गोल पोट, मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर ढलप्या, करवंट्या पेटवायच्या. पाणी विस्तवाच्या डोक्यावर नसतं, त्याला चहूबाजूंनी वेढून असतं, त्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. काही बंबांना तोटी असते. काहींत नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तेवढंच बाहेर येतं. जेवढं घ्याल तेवढं आधी भरावं लागतं. म्हणजे बंब कोरडा पडून जळायची भीती नाही, आणि पुढच्याच्या आंघोळीला पाणी उरलं नाही ही कुरकुरही नाही. घरातल्या माणसांचं वागणं वस्तूच्या आकारातच ठरवून टाकलं आहे. आजकाल मोबाइलच्या ॲपमध्ये नेमकं हेच साधायला कंपन्या माणसं नेमतात.

बंब गेला तो गिझर आल्यामुळे. हंडे-घागरी स्टील आणि प्लॅस्टिकनं घालवल्या, आणि नळ घरात आल्यावर पाणी भरून ठेवायची गरजही कमी झाली. आळीतली घरं एकेक करून हे काम सोडत गेली. गेल्या काही वर्षांत वारसा-जतनाचं काम करणारे आणि स्टुडिओ कॉप्रेसारखे उपक्रम इथे आले, दिवे, ताटं, पाण्याची भांडी नव्या घरांसाठी घडवून घेऊ लागले, त्यामुळे मठारकामाला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. यातली समंजस गोष्ट अशी, की कारागिराच्या हाताला येतं तेच पुढे नेलं. त्याला परकं काही त्याच्यावर लादलं नाही.

विद्यार्थीही येतात. डिझाइनच्या अभ्यासक्रमात हस्तकलेचं दस्तावेजीकरण हा एक नेहमीचा विषय असतो. पाच-सहा जणांचा गट येतो, कॅमेरे लावतो, हत्यारांची नावं विचारतो, कारागिराचा अर्धा दिवस घेतो. मग सुबक बांधणीचा इंग्रजी अहवाल तयार होतो आणि कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसतो. पुढच्या वर्षी दुसरा गट येऊन तेच प्रश्न विचारतो. कारागीर सांगतो, कारण पोरं घर सोडून शिकायला आलेली आहेत, त्यांना नाही कसं म्हणायचं. मला हे मुळीच मान्य नाही. अर्धा दिवस म्हणजे त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी. पाहुण्या व्याख्यात्याला कॉलेज मानधन देतं, तेच याला द्यायला हवं, कारण तो शिकवतोच आहे. आणि अहवालाची एक प्रत, मराठीत, आकृत्यांसकट, त्याच्या दुकानात आली पाहिजे. त्याच्या पुढच्या पिढीतल्या कुणाला कधी लागली तर ती तिथेच हाताशी असेल. खर्च किती, तर एका सेमिस्टरच्या प्रिंटिंगच्या खर्चात हे बसतं.

शहराच्या पोटात राहून शिकलं तर काय होतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. टिळक रस्त्यावर भारतीय कला प्रसारिणी सभेचं अभिनव कला महाविद्यालय आहे. तिथल्या चौकालाच अभिनव चौक म्हणतात. या कॉलेजाच्या परंपरेतलं मोठं नाव म्हणजे शिल्पकार डी. एस. खटावकर. तुळशीबाग गणपतीची फायबरची भव्य मूर्ती त्यांची, आणि पुण्याच्या गणेशोत्सवातल्या सजावटीला त्यांनी जी शिस्त लावली ती अजून टिकून आहे. मंडपाची सजावट ही फार अवघड परीक्षा असते. भाद्रपदातला पाऊस, रस्त्याची ठरलेली रुंदी, आत जाणारे वायर-दिवे, रात्रभर सरकणारी गर्दी. ज्याच्यासाठी हे केलं तो माणूस खांद्यावर पोर घेऊन, ढकलला जात, काही क्षणच समोर असतो. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे आणि आवडलं पाहिजे. दहा दिवसांनी सगळं उतरवायचंही असतं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा सजावटकारांना पुन्हा कागद, कापड, बांबूकडे यावं लागलं. बांबूकाम करणाऱ्यांची बुरूड आळी शहरातच आहे. सुट्टीत मंडळाच्या मांडवात काम केलेला विद्यार्थी ज्युरीसमोर कमी घाबरतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यानं त्याहून कठोर परीक्षक पाहिलेले असतात.

अक्षरांचंही तसंच. पुणे हे संगणकावरच्या मराठीचं एक माहेरघर आहे. १९८८ मध्ये सी-डॅक हे संगणक-संशोधन केंद्र इथे सुरू झालं. महासंगणकाइतकंच महत्त्वाचं काम त्यांच्या भारतीय लिप्यांच्या गटानं केलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर असंख्य छापखाने चालले, कितीतरी दिवाळी अंक निघाले. आणि आयडीसीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) केलेला ‘मंगल’ हा टंक विंडोजबरोबर घरोघरी पोचला. तरीही आज कॉलेजात अक्षररचना शिकवायची वेळ आली की पहिली पुस्तकं रोमन लिपीची असतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, बाजूला काना. दोन ओळींमधलं अंतर रोमनच्या हिशेबानं ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. दुकानांच्या पाट्यांवर हे रोज दिसतं. राज्य शासनानं २००९ मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले, तरी मुलांच्या पोस्टरवर हिंदी वळणाची अक्षरं येतात, कारण फॉन्टमध्ये तीच आधी दिसतात आणि मराठी वळण भाषा निवडल्यावर उमटतं. हे सांगितलं की मुलं चकित होतात, मग लक्ष्मी रस्त्यावर रंगाऱ्यानं हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढत फिरतात. ज्या रंगाऱ्यानं ‘वस्त्रभांडार’ या शब्दातला ‘स्त्र’ अरुंद पाटीत बसवला, त्याच्या ब्रशची जाडी किती असेल यावर वाद घालतात. हा वाद ऐकायला मला फार बरं वाटतं.

दिवाळी अंकात हे लिहितो आहे, तर शि. द. फडणीस यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे कसं जाणार. १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या भोजला जन्म, मुंबईत जे. जे.मध्ये शिक्षण, आणि पुढे पुण्यात स्थायिक. १९५२च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ त्यांनी केलं: तरुण आणि तरुणी, आणि दोघांच्या कपड्यांवर मांजरांची आणि उंदरांची नक्षी. खाली एक शब्द नाही. ‘मोहिनी’चे संपादक अनंत अंतरकर यांच्या अंकांनी ही वाट धरली आणि वाचकांनी ती उचलून धरली. नंतर बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रं काढली. सेनापती बापट रस्त्यावरच्या त्या कार्यालयातून, १९६७ पासून, महाराष्ट्रभर पुस्तकं जातात. म्हणजे हे राज्यातलं सर्वाधिक हातांत पोचलेलं डिझाइन. चित्राकडे पाहून मुलाला हसू येतं आणि हसता हसता समान-असमान, कमी-जास्त कळून जातं. आज ज्याला इन्फॉर्मेशन डिझाइन म्हणून दोन सेमिस्टर शिकवतात, ते फडणीसांनी तिसरी-चौथीच्या पोरांसाठी शांतपणे करून ठेवलं. डिझाइनच्या किती विद्यार्थ्यांनी ही पुस्तकं हाताळली असतील? लहानपणी मराठी शाळेत गेलेल्यांनी सगळ्यांनीच. फक्त ते डिझाइन होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पदवीनंतर बरेच जण बंगळूरला किंवा मुंबईला जातात, आणि जाण्यात गैर काही नाही. पण १९८९ मध्ये एनआयडीतून निघालेल्या काही तरुणांनी पुण्यात येऊन एलिफंट डिझाइन सुरू केलं, तेव्हा इथे या कामाला वेगळे पैसे द्यायचे असतात हेच गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागायचं. आज त्या कंपनीचं काम देशभरच्या दुकानांत फळीवर उभं दिसतं. पिंपरी-आकुर्डीच्या वाहन कारखान्यांत, हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत डिझाइनची खाती आहेत. पुण्यात राहून हे काम करता येतं का, हा प्रश्न आता मिटला आहे.

अंतराचा प्रश्नही थोडा मिटतो आहे. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रुबी हॉलपासून रामवाडीपर्यंत गेली, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा उघडला. विमाननगरच्या विद्यार्थ्यानं रिक्षानं रामवाडी गाठावी, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी आणि मंडईला उतरावं. लोणी काळभोरच्या मुलांना दौंड मार्गावरच्या लोकलनं पुणे स्टेशनला येऊन मेट्रो धरता येते. मंडईची १८८६ची इमारत आधी नीट पाहावी. अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेले पाख, वर उंचावर उजेड-वाऱ्याची सोय, आणि विक्रेत्याला उंच ओट्यावर बसवून गिऱ्हाइकाच्या नजरेच्या पातळीवर आणलेला भाजीचा ढीग. ही इमारत बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, पैसे शिक्षणावर घाला म्हणाले होते. आज इमारतीला नाव त्यांचंच आहे. ही दोन्ही बाजूंची गोष्ट कुठलीही इमारत काढायच्या आधी विद्यार्थ्याला माहीत असावी. तिथून केळकर संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ. कसबा पेठ स्टेशनवर उतरलं तर तांबट आळी तशीच जवळ. सकाळीच जावं, दुपारी कामं थंडावतात. फोटो काढण्याआधी विचारावं. आणि दुसऱ्यांदा गेल्यावर पहिल्या खेपेला काढलेली चित्रं बरोबर न्यावीत, कारण हातोडीचा कोन चुकला असेल तर तो कारागीरच दुरुस्त करून देऊ शकतो.